वाचकांचे प्रश्न : पुस्तक उघडलं की डोळे का थकतात?

वाचताना अक्षरं हलतात, ओळ सापडत नाही, पांढरं पान डोळ्यांवर येतं, अशा तक्रारींची पत्रं या खेपेला गुहागरपासून सावंतवाडीपर्यंत आली. 'व्हिज्युअल स्ट्रेस', म्हणजे छापील पानाकडे बघताना होणारा असा त्रास, हा शब्द बऱ्याच पत्रांत आहे. न्यूझीलंडच्या ऑलिव्ह मिअर्स यांनी १९८० मध्ये आणि अमेरिकेच्या हेलन अर्लेन यांनी १९८३ मध्ये हा त्रास मांडला. रंगीत पारदर्शक शीटखालून वाचायची कल्पना तिथूनच आली, आणि तिच्यावरचा वाद आजही मिटलेला नाही. निवडक पत्रांना उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मुलगा पाचवीत आहे. दहा मिनिटं वाचलं की डोळे चोळतो, ओळ सुटते, "आई, अक्षरं नाचतात" म्हणतो. चष्म्याच्या दुकानात दाखवलं, तर नंबर नाही म्हणाले. नात्यातल्या एकांनी रंगीत कागद ठेवून वाचायला सांगितलं आहे. नेमकी कुठली तपासणी करायची आणि कुठे?
— एक आई, गुहागर तालुका

उत्तर : रंगीत कागद तूर्त बाजूला ठेवा. आधी डोळे पूर्ण तपासायचे, मग वाचन, आणि रंग सगळ्यांत शेवटी. हा क्रम उलटा झाला की मूल वर्षभर निळ्या कागदाखालून वाचत राहतं आणि मूळचा दोष तसाच राहतो.

"नंबर नाही" याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो, की सहा मीटरवरच्या तक्त्यावरची खालची ओळ मुलाने वाचली. पुस्तक असतं पस्तीस-चाळीस सेंटिमीटरवर. तिथे डोळ्यांना दोन कामं एकदम करावी लागतात. आतलं भिंग फुगवून फोकस जवळ आणायचा, आणि दोन्ही डोळे नाकाकडे वळवून एकाच अक्षरावर धरून ठेवायचे. यातलं एक काम ढिलं पडलं, तरी लांबची नजर सिक्स बाय सिक्स येते आणि पान मात्र धूसर होतं, अक्षरं दुहेरी दिसतात, सरकतात. दुसरी गोष्ट, मुलांची फोकस करायची ताकद मोठी असते. दोन-अडीच प्लसचा नंबरही ती ताण देऊन झाकून टाकतात. तो ताण दहा मिनिटं टिकतो, मग सुटतो. तुमच्या मुलाची दहा मिनिटं त्यामुळेही असू शकतात.

डोळ्यांच्या ओपीडीत गेल्यावर नुसतं "नंबर बघा" म्हणू नका. "जवळचं वाचताना त्रास होतो, दोन्ही डोळे जोडीने कसे चालतात ते बघा आणि ड्रॉप घालून नंबर काढा" असं चिठ्ठीवर लिहून न्या. गर्दीत बोलायला फार वेळ मिळत नाही, चिठ्ठी मात्र केसपेपरला लागते.

पहिली पायरी म्हणजे प्रत्येक डोळ्याची लांबची आणि जवळची नजर वेगवेगळी तपासणं. नंतर एकेक डोळा झाकून-उघडून तो जागचा हलतो का ते लांब आणि जवळ दोन्ही ठिकाणी बघतात. छुपा तिरळेपणा इथे सापडतो. मग बारीक अक्षर नाकाच्या रेषेत हळूहळू जवळ आणतात आणि एकाची दोन अक्षरं कुठे होतात ते मोजतात. सहा सेंटिमीटरच्या आत आल्यावर दोन झाली तर ठीक. दहा-बारावरच झाली तर डोळे आत वळवण्याची ताकद कमी असल्याचा संशय घ्यायचा. हे माप तीन-चार वेळा घेतलं पाहिजे, कारण पहिल्यांदा मूल जोर लावून जमवतं आणि पुढच्या खेपांना अंतर वाढत जातं. त्यानंतर एक डोळा झाकून फोकसची ताकद. ढोबळ हिशेब असा: पंधरातून वयाचा पाव भाग वजा करायचा. दहा वर्षांच्या मुलाची ताकद निदान साडेबारा डायॉप्टर (भिंगाची ताकद मोजायचं एकक) हवी, म्हणजे अक्षर आठ सेंटिमीटरपर्यंत आणलं तरी स्पष्ट दिसायला हवं. प्लस-मायनस दोन नंबरची उलटसुलट भिंगं लावून फोकस किती चपळाईने बदलतो, तेही बघतात.

ड्रॉप या सगळ्याच्या नंतर. हा क्रम आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. ड्रॉपने फोकस करणारा स्नायू सैल पडतो, त्यामुळे ड्रॉपनंतर घेतलेल्या जवळच्या मापांना काही अर्थ उरत नाही. सायक्लोपेंटोलेट किंवा होमॅट्रोपिन घातलं तर जवळचं एक-दोन दिवस, कधी थोडं जास्त, धूसर दिसतं. ॲट्रोपिनचं मलम घरी लावायला दिलं तर दहा-बारा दिवसही जातात. म्हणून चाचणी परीक्षेच्या तोंडावर ही तपासणी ठेवू नका, आणि परतीच्या एसटीत उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून टोपी बरोबर ठेवा. बाहुली मोठी झालेली असते, तेव्हा डॉक्टरांना मागचा पडदाही बघून घेता येतो.

डोळे आत वळवण्याचा दोष निघाला, तर त्याची लक्षणं मोजायला पंधरा प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. मुलांत सोळा किंवा त्याहून जास्त गुण आले तर त्रास खरा धरतात. हा दोष सुधारतो. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत बारा आठवडे दवाखान्यात येऊन केलेल्या व्यायामाने चौघांपैकी जवळपास तीन मुलांना उतार पडला. नुसती पेन्सिल नाकाजवळ आणायचा घरचा व्यायाम त्या मानाने बराच मागे राहिला. तेव्हा "पेन्सिलचा व्यायाम करा" एवढ्यावर कोणी परत पाठवलं, तर पुढची तारीख आणि पुन्हा मोजणी मागून घ्या.

जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतील तर पहिली तपासणी तिथे होते. सविस्तर तपासणीसाठी रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय किंवा डेरवणचं वालावलकर रुग्णालय तुम्हाला जवळ. निघण्यापूर्वी फोनवर दोन गोष्टी विचारा: मुलांची ड्रॉप घालून तपासणी कोणत्या वारी असते, आणि दोन्ही डोळ्यांच्या समन्वयाची तपासणी करणारे ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासणारे तंत्रज्ञ) आहेत का. नसतील तर मुंबई-पुण्याच्या मोठ्या नेत्र रुग्णालयांत ऑर्थॉप्टिक्स विभागात, म्हणजे तिरळेपणा आणि दोन डोळ्यांची जोडणी बघणाऱ्या विभागात, हे काम होतं.

घरी एक काम तुम्हीच करा. "अक्षरं हलतात का रे?" असं विचारू नका, मूल हो म्हणून मोकळं होतं. बारीक छापाचं पान समोर ठेवून "या पानाकडे बघत राहा आणि काय दिसतं ते सांग" एवढंच म्हणा आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. मग एक डोळा झाकून पुन्हा तेच. एक डोळा झाकल्यावर नाच थांबला, तर दोष बहुधा दोन डोळ्यांच्या जोडणीत आहे आणि ही ओळ चिठ्ठीत सगळ्यांत वर लिहायची.

आणि हे लक्षात ठेवा: एकाएकी दोन-दोन दिसणं, नव्याने आलेला तिरळेपणा, पापणी पडणं, सकाळी उठल्यावर डोकेदुखी आणि उलटी, यांपैकी काही असेल तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : आमच्या शाळेत तिसरी-चौथीची चार मुलं अडखळत वाचतात. एका प्रशिक्षणात रंगीत ओव्हरलेबद्दल (पानावर ठेवायच्या रंगीत पारदर्शक शीटबद्दल) ऐकून पिवळा जिलेटिन कागद आणला आणि चौघांना दिला. दोघं बरं वाटतं म्हणतात, दोघांना काहीच फरक नाही. हे योग्य आहे का? आणि फरक पडला हे ठरवायचं कसं?
— एक शिक्षिका, देवगड तालुका

उत्तर : नवी वस्तू हातात आली आणि बाईंचं लक्ष आपल्याकडे आहे हे कळलं, की मूल त्या दिवशी बरं वाचतंच. म्हणून "बरं वाटतं" यावर थांबायचं नाही, मोजायचं.

त्याआधी कागद बदला. जिलेटिन कागद चुरगळतो, सुरकुत्यांवर उजेड चमकतो आणि त्याचा रंग इतका गडद असतो की खालचं पानच अंधारतं. फिक्या रंगाची, सपाट, न चमकणारी प्लॅस्टिक शीट लागते. तपासणीसाठी तयार मिळणाऱ्या संचात नऊ रंग आणि एक करडी शीट असते, आणि एकावर एक दोन ठेवून रंग गडद करता येतो. संच नसेल तर स्टेशनरीच्या दुकानातले फिक्या रंगाचे पारदर्शक फोल्डर कापून तात्पुरतं काम भागतं. सगळ्यांना पिवळा, हे मात्र मुळातच चुकलं. ज्यांना रंगाने उतार पडतो त्यांचा प्रत्येकाचा रंग निराळा असतो. भलत्या रंगाने काही होत नाही किंवा वाचन आणखी मंदावतं.

रंग निवडताना दाट छापलेला एकच मजकूर डावीकडे आणि उजवीकडे ठेवा. एका बाजूवर शीट, दुसरी कोरी. "कुठल्या बाजूची अक्षरं जास्त स्थिर, स्पष्ट दिसतात?" जिंकलेली शीट जागेवर ठेवून दुसऱ्या बाजूला पुढचा रंग आणा. असं करत एक रंग उरतो. आवडीचा रंग कोणता, हे विचारूच नका. एक दिवस सोडून हीच निवड पुन्हा करून घ्या. पहिल्यांदा गुलाबी आणि दुसऱ्यांदा हिरवा निघाला, तर त्या मुलाला रंगाने फारसा फरक पडत नाही असं समजायचं.

आता मोजणी. केंब्रिजचे संशोधक अरनॉल्ड विल्किन्स यांनी यासाठी वाचनवेगाची एक चाचणी बसवली. अगदी सोपे पंधरा शब्द, प्रत्येक ओळीत तेच पंधरा, पण क्रम दर वेळी वेगळा. अशा दहा ओळी. अर्थ लागत नसल्यामुळे मुलाला पुढचा शब्द अंदाजाने ठोकता येत नाही आणि शब्द ओळखीचे असल्याने भाषेची अडचण आड येत नाही. जे मोजलं जातं ते डोळ्यांवरचं ओझं. मराठीत तुम्ही असा तक्ता वर्गापुरता करू शकता. उदाहरणार्थ: तो, घर, आणि, जा, मला, दिसते, पाणी, का, वर, ये, हे, माझे, खेळ, कुत्रा, नाही. अक्षर बारीक, अकरा पॉइंटच्या आसपास, ओळी जवळजवळ, मध्ये परिच्छेद नाही. दाटी मुद्दाम ठेवायची. ऐसपैस छापलं तर त्रास दिसणारच नाही.

मुलाला हे पंधरा शब्द सुटे, मोठ्या अक्षरात आधी वाचून दाखवायला सांगा. तिथेच अडलं तर ही चाचणी त्याच्यासाठी नाही. एक सरावाची फेरी घ्या, ती मोजू नका. मग एकेका मिनिटाच्या चार फेऱ्या: शीटसह, शीटशिवाय, पुन्हा शीटशिवाय, शेवटी शीटसह. या क्रमाने सरावाचा फायदा आणि दमणूक दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाते. बरोबर वाचलेले शब्दच मोजायचे. ओळ सुटली तर त्या ओळीचे शब्द धरायचे नाहीत, पण सुटल्याची खूण करून ठेवायची. समजा एका मुलाचे आकडे ७१, ६०, ६२, ७५ आले. शीटसह सरासरी ७३, शिवाय ६१. वाढ जवळपास वीस टक्के. दुसऱ्याचे ५८, ५५, ६०, ६१ आले, तर वाढ साडेतीन टक्क्यांच्या आत, म्हणजे रोजच्या चढउतारातलीच. पूर्वी पाच टक्के वाढ पुरेशी धरत. आता पंधरा टक्क्यांचा कडक निकष वापरावा असं जाणकार सांगतात, आणि आम्हालाही तोच पटतो. तुमचा तक्ता प्रमाणित नाही; मुलाची तुलना त्याच्या स्वतःशीच करा, दुसऱ्या मुलाशी नको.

ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये निदानासाठी एक चौकट सुचवली. लक्षणं सहा: शब्द हलणं, एकमेकांत मिसळणं, मजकुरात नक्षी किंवा सावल्या दिसणं, अक्षरं पानावरून उचलल्यासारखी वर येणं, फिकट किंवा गडद होत राहणं, आणि काही कृत्रिम दिव्यांचा व लुकलुकत्या उजेडाचा त्रास. यांतली किमान तीन हवीत. शिवाय तीन खुणांपैकी दोन: वाचनवेगात पंधरा टक्के वाढ, रेघांच्या नक्षीच्या चाचणीत (ती पुढच्या उत्तरात येते) जास्त त्रास, आणि कोणी न सांगता तीन महिने शीट वापरत राहणं. तिसरी खूण शाळेतच सापडते. शीट मुलाच्या दप्तरात ठेवा आणि आठवणच करू नका. दिवाळीच्या सुट्टीनंतरही ते मूल आपण होऊन शीट काढत असेल, तर त्याला तिचा उपयोग आहे.

वादाची बाजूही सांगतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ च्या संयुक्त निवेदनात म्हटलं, की वाचनाच्या अक्षमतेवर रंगीत भिंगं किंवा शीट हा उपचार म्हणून पुराव्याने सिद्ध झालेला नाही. आमचं मत असं: शीट हे काही जणांच्या डोळ्यांना आराम देणारं साधन आहे. तिने डिस्लेक्सिया (वाचनाची अक्षमता) बरा होत नाही आणि वाचायला शिकवण्याचं काम कमी होत नाही.

तुमच्या चौघांत फरक करायला एक सोपी रीत आहे. मोठ्या अक्षरात एका कार्डावर एक शब्द लिहून वाचायला द्या. घ-ध, भ-म यांत गोंधळ, जोडाक्षर फोडता न येणं, 'कमळ' शब्दातला पहिला आवाज काढून टाकला तर काय उरतं हे सांगता न येणं, हे कार्डावरही दिसलं, तर अडचण अक्षर-ध्वनीची आहे. त्या मुलाला रंग नको, रोज वीस मिनिटं ध्वनी आणि अक्षरांचा पद्धतशीर सराव हवा. कार्ड भराभर वाचतं, पण दाट पानावर आणि वेळ जाईल तसतसं बिघडतं, ते मूल डोळ्यांच्या तपासणीचं. चौघांचीही नावं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला द्या. हे पथक शाळेत येतं, नजरेचे आणि शिकण्यातले दोष दोन्ही त्याच्या यादीत आहेत, आणि पुढे पाठवायची सोयही त्याच्याकडून होते.

शीटा दमट हवेत एकमेकींना चिकटतात. मध्ये कोरा कागद घाला, साबणाच्या पाण्याने धुऊन सुती फडक्याने टिपा, आणि ओरखडे पडले की बदला. ओरखड्यांवर उजेड फुटतो.

प्रश्न : वय २४, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चालू आहे. लहानपणापासून अर्धशिशी. बारीक रेघांचं कापड, खिडकीचे गज, पुस्तकाच्या ओळी यांच्याकडे बघवत नाही. अभ्यासिकेत ट्यूब आणि पंख्याखाली बसलं की तासाभरात डोकं ठणकतं. रंगीत चष्मा करून घेऊ का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : चष्म्याआधी तुमच्या डोक्यावरचा पंखा आणि दिवा बघा. पंखा दिव्याच्या खाली फिरत असेल, तर पाती उजेड कापतात. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला तीनशे फेरे घेत असेल तर सेकंदाला पाच फेरे, म्हणजे पानावरून सेकंदाला पंधरा वेळा सावली जाते. वेग वाढवला तर वीसपर्यंत. लुकलुकत्या उजेडाने ज्यांना फिट येते, त्यांच्यासाठी सगळ्यांत त्रासदायक वेग साधारण हाच. अर्धशिशीच्या मेंदूलाही तो मानवत नाही. जागा बदला, किंवा पंख्याच्या पातळीखाली येणारा टेबललॅम्प घ्या आणि वरचा दिवा बंद ठेवा.

दुसरी गोष्ट ट्यूबची. जुन्या चोकवरची ट्यूब पन्नास हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होते. ते डोळ्याला दिसत नाही, पण मेंदूपर्यंत पोचतं. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात कार्यालयातल्या अशा ट्यूब बदलून उच्च वारंवारतेच्या चोकवरच्या बसवल्या, तेव्हा डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्याहून कमी झाला. स्वस्तातले एलईडीही असेच लुकलुकतात. मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनवर ठेवून दिव्याखालचा पांढरा कागद टिपा. काळसर पट्टे सरकताना किंवा उजेड थरथरताना दिसला तर तो दिवा तुमच्यासाठी नाही. पावसाळ्यात दुपारीही घरात दिवा लागतो, तेव्हा जून ते सप्टेंबर हा दिवा नीट असणं जास्त महत्त्वाचं. उघडीप असेल त्या दिवशी पडवीत बसा, उजेड बाजूने येऊ द्या आणि पाठ मोकळ्या अंगणाकडे करू नका, नाहीतर चकाकी थेट पानावर पडते.

रेघांचा त्रास का होतो, ते मापाने बघू. सगळ्यांत जास्त खुपते ती डोळ्याशी होणाऱ्या कोनाच्या एका अंशात साधारण तीन जोड्या बसतील अशी काळी-पांढरी रेघांची नक्षी. चाळीस सेंटिमीटरवर एक अंश म्हणजे सात मिलिमीटर. म्हणजे एक काळी आणि एक पांढरी रेघ मिळून सव्वादोन-अडीच मिलिमीटर. तपासणीत याच मापाची नक्षी काही सेकंद दाखवून रंग, लाटा, थरथर, वाकलेल्या रेघा असं काय काय दिसलं ते मोजतात. बरोबर जाड आणि अगदी बारीक रेघांच्या नक्षीही दाखवतात, म्हणजे तुलना होते. दाट छापलेलं पान या मापाच्या जवळ जातं, आणि आपल्या लिपीत शिरोरेषेची आडवी रेघही ओळीगणिक असते.

ही नक्षी मोडणं तुमच्या हातात आहे. जाड, न चमकणाऱ्या करड्या कार्डाला तीन ओळी मावतील एवढी खिडकी कापा आणि ती पानावरून खाली सरकवत वाचा. स्वतःच्या नोट्स दीडपट ओळ-अंतरावर, मोठ्या अक्षरात, किंचित पिवळसर कागदावर काढा. झेरॉक्सच्या चकचकीत पांढऱ्या कागदापेक्षा हे बरंच सोसतं.

ज्यांना कधी फिट आली आहे किंवा घरात कोणाला येते, त्यांनी रेघांची नक्षी स्वतः बघून प्रयोग करू नये. ही चाचणी डॉक्टरांसमोरच करायची.

रंगीत चष्म्याचं म्हणाल, तर तो शेवटी. आधी अर्धशिशीचं औषध नीट बसवून घ्या. महिन्यातून चार-पाच झटके येत असतील तर रोजच्या प्रतिबंधक औषधाबद्दल न्यूरोलॉजिस्टना विचारा. इतकं करूनही वाचवत नसेल, तर रंग नेमका मोजून घ्यायचा असतो. त्यासाठी कलरीमीटर नावाचं यंत्र आहे, त्यात रंगाची छटा, गडदपणा आणि उजळपणा एकेक करून बदलता येतो. शीटसाठी जो रंग लागला तोच चष्म्याला लागेल असं नसतं, कारण चष्मा घातल्यावर सगळं दृश्य रंगतं आणि डोळा त्याला सरावतो. म्हणून शीट दाखवून "असा रंग भरून द्या" असं दुकानात सांगून केलेला चष्मा बहुधा वाया जातो. आणि दिवसभर घरात गॉगल घालून बसू नका, त्याने उजेड आणखी खुपायला लागतो. गडद भिंगं लावून रात्री घाटात गाडी चालवणं तर धोक्याचंच.

प्रश्न : वय ४४, पतसंस्थेत हिशेबाचं काम. संध्याकाळी आकडे धूसर होतात. दुकानदार ब्लू कट (निळा उजेड अडवणारा) चष्मा घ्या म्हणतो.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : हा चाळिशीचा जवळचा नंबर आहे, असं समजून तपासणी करा, बहुधा एकच्या आसपास प्लस निघेल. ब्लू कटने डोळ्यांचा थकवा कमी होतो का, हे तपासणाऱ्या चाचण्यांचा कोक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये आढावा घेतला. साध्या भिंगांच्या तुलनेत निदान थोड्या काळात तरी फरक दिसला नाही. ते पैसे नीट मोजलेल्या नंबरासाठी वापरा, आणि संगणक किती अंतरावर आहे ते टेपने मोजून तपासणीला घेऊन जा. वाचनाचा नंबर चाळीस सेंटिमीटरचा काढतात, स्क्रीन साठवर असते, आणि तिथेच नवा चष्मा फसतो. गेल्या काही महिन्यांत नजर कमी-जास्त होत असेल, तर साखरही तपासून घ्या.

प्रश्न : मुलगी आठवीत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सगळं ठीक सांगितलं, वाचन मात्र अजून चौथीच्या मुलासारखं. व्हिज्युअल स्ट्रेसचा दाखला घेतला तर दहावीला जादा वेळ मिळेल का?
— एक वडील, सावंतवाडी

उत्तर : त्या नावाने नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये एकवीस प्रकार आहेत. त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) आहे, व्हिज्युअल स्ट्रेस नाही. तुम्ही लिहिलं आहे त्यावरून तपासायला हवी ती अध्ययन अक्षमताच. डोळे ठीक आहेत हा कागद जपून ठेवा, कारण त्या तपासणीत नजर आणि ऐकणं आधी बघून घेतात. पुढे मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यांक काढतात, मग वाचन, लेखन आणि गणिताच्या चाचण्या होतात; आपल्याकडे त्यासाठी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने तयार केलेला संच वापरतात. चाचणी मुलगी ज्या माध्यमात शिकते त्याच भाषेत व्हावी, असा आग्रह धरा. मराठी माध्यमाच्या मुलीला इंग्रजी उतारा वाचायला लावून काढलेला निष्कर्ष आम्ही तरी ग्राह्य धरणार नाही.

सुरुवात ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापासून करा. तिथे विचारा, की अध्ययन अक्षमतेचा दाखला देणारं मंडळ इथे बसतं का, नसेल तर कुठल्या केंद्राकडे पाठवतात. ते उत्तर लेखी घ्या, नाहीतर मुंबईच्या केंद्रात "तुमच्या जिल्ह्यातून चिठ्ठी आणा" हे ऐकून परत यावं लागतं. चाचण्या एका दिवसात संपत नाहीत. दोन-तीन फेऱ्या धरून चला, आणि रात्रीच्या गाडीने पोचून सकाळी लगेच चाचणीला बसवू नका. झोप न झालेल्या मुलीचे गुण खरे येत नाहीत. जाताना गेल्या तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं, मराठीच्या दोन-तीन वह्या आणि वर्गशिक्षकांचं अर्धं पान निरीक्षण न्या. वह्या नीट करून नेऊ नका, चुका तशाच दिसू द्या.

आठवीत आहे म्हणजे वेळ आहे, पण फार नाही. दाखला नववीच्या अखेरीस हातात असेल असं बघा. सवलतींचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत परीक्षा मंडळाच्या रत्नागिरीच्या कोकण विभागीय कार्यालयाकडे जातो. दहावीचा फॉर्म भरताना दाखल्याची प्रत जोडायची राहिली, तर ऐन परीक्षेच्या तोंडावर धावपळ होते. जादा वेळ आणि लेखनिक या दोन्हींतलं मुलीला काय हवं ते आधी घरी तीन तासांचा पेपर सोडवून ठरवा. वाचायला वेळ लागतो पण लिहिणं बरं आहे, अशा मुलीला लेखनिकापेक्षा जादा वेळच उपयोगी पडतो. लेखनिक घ्यायचा ठरला, तर त्याच्याबरोबर निदान पाच-सहा पेपरांचा सराव लागतो. उत्तर तोंडी, विरामचिन्हांसकट सांगणं हे वेगळं कौशल्य आहे.

रंगीत शीट वापरून तिला खरंच बरं वाचता येत असेल, तर तीही परीक्षेत न्यायची आधी लेखी परवानगी घ्या. शीट कोरी, एकाच रंगाची, दोन्ही बाजूंनी काही न लिहिलेली असावी, आणि हॉलमध्ये शिरतानाच पर्यवेक्षकांना परवानगीच्या प्रतीसह दाखवावी.